बांधाला बीळ : बँड बदलता येणारा फिल्टर बनवताना

अंकाच्या मराठी विभागात सर्किटवरचा लेख म्हणजे पुरणपोळीच्या ताटात सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं आहे, असं माझ्या रूम पार्टनरचं मत पडलं. तो मेकॅनिकलचा आहे, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. शिवाय या लेखातला मुद्दा सिव्हिलवाल्यांना सगळ्यात लवकर कळेल असं मला वाटतं. कारण तो गळतीचा आहे.

हॅम रेडिओ म्हणजे काय हे दरवर्षी कुणीतरी लिहितंच, म्हणून ते दोन ओळींत उरकतो. सरकारी परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन मिळवायचं, आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर स्वतःच्या, कित्येकदा स्वतः बनवलेल्या यंत्रावरून दुसऱ्या हॅमशी बोलायचं. परवान्याशिवाय हवेवर जायचं नाही, अर्ध्या वॉटनेसुद्धा नाही. आमच्या रेडिओ क्लबचा ट्रान्समीटर दहा वॉटचा आहे. ८०, ४० आणि २० मीटर, म्हणजे साधारण ३.५, ७ आणि १४ मेगाहर्ट्झ, असे तीन बँड त्यावर चालतात. दहा वॉट म्हणजे रात्री बाथरूमच्या पॅसेजमध्ये जळणाऱ्या एलईडी बल्बइतकी पॉवर. एवढ्याशा पॉवरला फिल्टर कशाला, असं जुनिअर विचारतात. तिथूनच सुरुवात करू.

कोणताही ट्रान्समीटर तुम्ही सांगितलेल्या फ्रिक्वेन्सीबरोबरच तिची दुप्पट, तिप्पट, चौपटही बाहेर फेकतो. दुसऱ्या वर्षाला फोरियर सिरीज शिकताना ‘याचा उपयोग काय’ असं ज्यांनी पुटपुटलं असेल, त्यांच्यासाठी उपयोग हा. ॲम्प्लिफायरमधून निघणारी साइन वेव्ह जरा जरी चेपली गेली तरी तिच्यात हार्मोनिक आले. पूर्ण चेपून चौकोनी झाली तर तिसरा हार्मोनिक मूळ सिग्नलच्या एक तृतीयांश होल्टेजचा असतो, म्हणजे फक्त साडेनऊ डेसिबल खाली. आता ७.०५ मेगाहर्ट्झ घ्या. दुप्पट १४.१, तिप्पट २१.१५, चौपट २८.२. तिन्ही आकडे हॅमच्याच दुसऱ्या बँडांत पडतात. म्हणजे आपण ४० मीटरवर गप्पा मारत असताना आपलाच भुताटकीचा आवाज २० मीटर, १५ मीटर आणि १० मीटरवर फिरत असतो.

नियमांचं म्हणाल तर अमेरिकेत ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या, १ जानेवारी २००३ नंतर बसवलेल्या हॅम ट्रान्समीटरचा नको असलेला सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली लागतो. ४३ डेसिबल म्हणजे वीस हजारावा भाग. दहा वॉटला अर्धा मिलिवॉट. आकडा ऐकून बरं वाटतं. पण हॉस्टेलच्या गच्चीवर एकाच वेळी दोन स्टेशन लावून बघा, मग कळतं.

समजा एका टोकाला आपला ७ मेगाहर्ट्झचा सेट चालू आहे आणि दुसऱ्या टोकाला मित्र २१ मेगाहर्ट्झवर परदेशातलं मंद स्टेशन ऐकतोय. आपला तिसरा हार्मोनिक ४५ डेसिबल खाली आहे, म्हणजे कायद्याने पास. दहा वॉट म्हणजे +४० डीबीएम, तर हार्मोनिक -५ डीबीएम. दोन अँटेनांच्या मध्ये ३० डेसिबल कमी झाले असं धरलं तर मित्राच्या रिसीव्हरला -३५ डीबीएम मिळतात. शॉर्टवेव्हवर एस-९, म्हणजे दणदणीत सिग्नल, हा -७३ डीबीएम धरतात. आपला कचरा त्याच्याही ३८ डेसिबल वर! मित्र हेडफोन काढून आपल्या दिशेने चप्पल भिरकावणार.

ही नुसती गच्चीवरची गंमत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ ला भूजचा. दोन्ही वेळा टेलिफोन बंद पडलेल्या भागात हॅम मंडळी सेट घेऊन पोचली होती. अशा ठिकाणी सगळी स्टेशनं एकाच तंबूत, एकाच शाळेच्या आवारात असतात. एक जवळच्या जिल्ह्याशी ४० मीटरवर बोलतं, दुसरं लांबच्या शहराशी वरच्या बँडवर. तिथे एकाचा हार्मोनिक दुसऱ्याच्या कानात बसला तर दोघांपैकी एकालाच काम करता येतं. क्लबने कॅम्पसाठी सेट तयार ठेवायचा म्हटलं की फिल्टर ही सजावट उरत नाही.

यात मित्राचा काही उपाय चालत नाही. हार्मोनिक त्याच्या बँडच्या आतच पडलाय. तो कितीही भारी फिल्टर लावो, हवा असलेला सिग्नल आणि आपला कचरा एकाच चाळणीतून जाणार. तो उगमाशीच अडवावा लागतो. अँटेना काही मदत करेल म्हणाल तर तीही फितूर असते. ७ मेगाहर्ट्झचा अर्ध्या वेव्हलेंग्थचा डायपोल २१ मेगाहर्ट्झला दीड वेव्हलेंग्थचा होतो आणि तिथेही छान रेझोनेट करतो. म्हणजे तिसऱ्या हार्मोनिकसाठी आपण वीस मीटर तार टांगून दारच उघडून ठेवलेलं असतं.

तर फिल्टर हवा. एक नाही, प्रत्येक बँडला वेगळा. कारण सरळ आहे : लो-पास फिल्टरने बँड जाऊ द्यायचा आणि त्याच्या दुपटीला अडवायचं. १४ जाऊ देणारा फिल्टर ७ च्या दुपटीला, म्हणजे १४ लाच, हात जोडून आत घेणार. शेजारचे दोन बँड एका फिल्टरवर भागवता येतात, उदाहरणार्थ १० आणि १४ मेगाहर्ट्झ. पण त्यात १० ची दुप्पट २० कटऑफच्या अगदी जवळ येते, आणि खाली दिलेल्या २० मीटरच्या फिल्टरने हिशोब केला तर ती जेमतेम २० डेसिबल अडते. काही लोक हे चालवून घेतात. मी घेणार नाही.

फिल्टर स्वतः मात्र अगदी सोपा. हॅम लोकांत एड वेदरहोल्ड, कॉलसाइन डब्ल्यू३एनक्यूएन, यांची डिझाइन्स प्रसिद्ध आहेत. त्यांचं मोठं काम असं की गणितातून निघणाऱ्या विचित्र किमतींऐवजी बाजारात मिळणाऱ्या कपॅसिटरच्या किमती धरून त्यांनी फिल्टर बसवले. सात भाग : चार कपॅसिटर ग्राउंडला, तीन कॉइल रांगेत. ४० मीटरसाठी टोकाचे कपॅसिटर २७० पिकोफॅरड, मधले दोन ६८०. कॉइल पिवळ्या टी-३७-६ टोरॉइडवर २१, २४ आणि २१ वेढे. २० मीटरसाठी टोकाला १८०, मध्ये ३९०, आणि त्याच पिवळ्या टोरॉइडवर १६, १७, १६ वेढे. ८० मीटरसाठी ४७० आणि १२००, कॉइल लाल टी-३७-२ वर २५, २७, २५. पिवळ्या कोअरवर इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाला तीन नॅनोहेन्रीने गुणून मिळतो, लालवर चारने. २४ चा वर्ग ५७६, गुणिले तीन, म्हणजे १.७ मायक्रोहेन्री. व्हायवात विचारलं तर सांगता येईल.

वेढे मोजण्याचा नियम पाठ करा : तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. बाहेरून मोजायचे नाहीत. पहिल्यांदा नुसती तार भोकातून ओवली तोही एक वेढा. हे दर बॅचला सांगावं लागतं, आणि दर बॅचला कुणीतरी म्हणतं ‘म्हणजे अजून अर्धा धरायचा का?’ टोरॉइडला अर्धा वेढा नसतो.

सामानाबद्दल. २६ एसडब्ल्यूजीची इनॅमल तार मोटार वाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, दुकानात छोट्या रिळाला पैसे घालवू नका. कपॅसिटर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेताना ‘एनपीओ’ म्हणून मागा, किंवा सिल्व्हर मायका. दुकानदार सवयीने बायपासचे तपकिरी डिस्क सिरॅमिक पुढे करतो. तेवढीच किंमत छापलेली असते, पण ते तापले की किमतीवरून घसरतात आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीला तापतातच. दहा वॉटला पन्नास ओहमवर जेमतेम ३२ होल्ट पीक येतात, त्यामुळे १०० होल्टचे एनपीओ भरपूर झाले. टोरॉइड मात्र गल्लीत हमखास मिळतीलच असं नाही, मागवावे लागतात. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर आखला तेव्हा या अडचणीवर नळाचे वॉशर वापरले होते! वॉशरवर तार गुंडाळून कॉइल करायची. चालतं. फक्त त्यात चुंबकीय पदार्थ नसल्याने वेढे जास्त लागतात आणि फिल्ड बाहेर पसरतं, म्हणून शेजारच्या कॉइलपासून अंतर ठेवून आणि काटकोनात बसवायचं.

असा ४० मीटरचा फिल्टर गणिताने ७ मेगाहर्ट्झला जवळजवळ काहीच खात नाही, १४ ला ३५ डेसिबलच्या आसपास अडवतो आणि २१ ला ६५ च्या जवळपास. दुसरा हार्मोनिक पुश-पुल ॲम्प्लिफायर स्वतःच बराच मारतो. तिसऱ्याला पुश-पुलची मदत नाही, पण फिल्टरचे ६५ आणि आधीचे दहा मिळून ७५ होतात. उत्तम.

कागदावर.

आता असे तीन फिल्टर एका बोर्डावर लावा आणि बँड बदलला की योग्य तो मध्ये येईल अशी सोय करा. इथे सगळ्यांना वाटतं की अवघड भाग संपला, आता नुसते स्विच. माझं म्हणणं उलटं आहे. फिल्टर बनवणं हा संध्याकाळचा उद्योग आहे, खरी इंजिनिअरिंग स्विचमध्ये आहे.

आमच्या क्लबच्या कपाटात एका जुन्या बॅचने ठेवून दिलेला बोर्ड होता. काम नीटनेटकं, सोल्डरिंग बघण्यासारखं. तीन फिल्टर, प्रत्येकाला दोन पोलचा एक छोटा रिले. एक पोल फिल्टरचं इनपुट जोडतो, दुसरा आउटपुट. एका फिल्टरला एकच रिले, स्वस्त आणि सुटसुटीत. मी त्यातला ४० मीटरचा फिल्टर दोन्ही बाजूंनी सोडवून एकटा मोजला. २१ मेगाहर्ट्झला ६० च्या पुढे. परत बोर्डावर जोडून रिलेमधून मोजला. ३५ च्या आसपास. भाग तेच, वेढे तेच. २५ डेसिबल गेले कुठे?

कोकणातल्या मित्रांनो, भाताच्या खाचराचा बांध आठवा. बांध कितीही पक्का घाला, खेकड्याने त्यात बीळ पाडलं की पाणी बांधावरून जात नाही, बांधातून जात नाही, बिळातून जातं. सकाळी खाचर कोरडं. आणि आपण बांधाची उंची वाढवत बसतो.

रिलेतलं बीळ म्हणजे कपॅसिटन्स. दोन धातूचे तुकडे जवळ असले की त्यांच्यात कपॅसिटन्स असणारच. छोट्या रिलेच्या उघड्या काँटॅक्टमध्ये किंवा शेजारशेजारच्या दोन पोलांमध्ये तो साधारण एक पिकोफॅरड धरा. एक पिकोफॅरड म्हणजे काहीच नाही असं वाटतं. गणित करू. रिॲक्टन्स म्हणजे एक भागिले (दोन पाय गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स). २१ मेगाहर्ट्झला एक पिकोफॅरडचा येतो सुमारे ७६०० ओहम. पन्नास ओहमच्या सोर्सपासून पन्नास ओहमच्या लोडपर्यंत एवढा अडथळा मध्ये घातला तर सिग्नल सुमारे ७६ पट खाली जातो, म्हणजे ३८ डेसिबल. बस्स. फिल्टर पुढून ६५ डेसिबल अडवतोय आणि बाजूने एक पिकोफॅरडची वाट ३८ ला उघडी आहे. बाहेर काय येणार? ३८ वालंच.

शिवाय बोर्डावर असे तीन रिले. तिन्हींचे इनपुट पोल एका पट्टीला, आउटपुट पोल दुसऱ्या पट्टीला जोडलेले. म्हणजे बिळंही समांतर. सगळी मिळून दीड पिकोफॅरड झाली तरी ३४ डेसिबल येतात, आणि जुन्या बोर्डाचं रीडिंग त्याच्या जवळपासच होतं. गणित आणि मीटर जुळले की मला उगाचच सीजीपीए वाढल्यासारखं वाटतं.

हे फक्त कॉलेजच्या कपाटात घडतं असं समजू नका. फरहान यांचाच पुढचा सेट मायक्रोबिटएक्स हा २०१७ च्या अखेरीस आला आणि जगभर लोकांनी तो जोडला. त्याच्या सुरुवातीच्या बोर्डांत हार्मोनिक अपेक्षेपेक्षा जास्त निघतात हे हॅम मंडळींनी मोजून दाखवलं. शोध घेता दोष फिल्टरच्या किमतींत नव्हता, लो-पास फिल्टर बदलणाऱ्या रिलेंभोवतीच्या गळतीत होता. पुढे आवृत्तीत ती मांडणी सुधारली. डिझाइन उघडं होतं म्हणून हे सगळ्यांना बघता आलं. मला तरी ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणापेक्षा जास्त शिकवून गेली.

बीळ बुजवायचं कसं?

पहिली गोष्ट, इनपुट आणि आउटपुट एका डबीत कधीच आणू नका. प्रत्येक फिल्टरला दोन रिले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बाजारात शुगर क्यूब नावाने मिळणारा एक पोलचा १२ होल्टचा रिले यासाठी पुरतो. तीन बँडला सहा रिले लागतात, खर्च थोडा वाढतो, मेसच्या एका फीस्टइतका. इनपुटची पट्टी बोर्डाच्या एका कडेला, आउटपुटची समोरच्या कडेला, आणि मध्ये फिल्टर आडवे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रिलेचा कॉमन फिल्टरच्या टोकाला जोडा, नॉर्मली ओपन पट्टीला, आणि नॉर्मली क्लोज्ड ग्राउंडला. म्हणजे जो फिल्टर वापरात नाही त्याची दोन्ही टोकं आपोआप जमिनीला बांधली जातात. असं केलं नाही तर काय होतं बघा. पट्टीवरचा २१ मेगाहर्ट्झचा कचरा एका पिकोफॅरडमधून न वापरलेल्या फिल्टरमध्ये शिरतो आणि दुसऱ्या टोकाच्या एका पिकोफॅरडमधून बाहेर पडतो. पुढे कधी वरच्या बँडचा फिल्टर बोर्डावर वाढवला, तर तो २१ ला अडवतच नाही. आणि दोन्ही टोकं मोकळी असलेला फिल्टर म्हणजे कॉइल-कपॅसिटरची नुसती साखळी, जी कुठल्यातरी फ्रिक्वेन्सीला रेझोनेट होऊन गळती वाढवते. एखाद्या ठिकाणी ग्राफवर अचानक उंचवटा दिसतो, त्याचं मूळ बहुधा यातच सापडतं. टोक ग्राउंड केलं की शिरलेला कचरा तिथेच संपतो.

तिसरं, मधली भिंत. इनपुटची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात पत्र्याची उभी भिंत सोल्डर करा. तेलाच्या किंवा तुपाच्या डब्याचा पत्रा याला एक नंबर, कारण त्याला कथिलाचा मुलामा असतो आणि सोल्डर पटकन धरतो. ॲल्युमिनियम घेऊ नका, त्यावर सोल्डर बसत नाही. आम्हाला डबा मेसमधून मिळाला. लॅबचे मामा म्हणाले, ‘‘आधी साबणाने धुऊन आणा रे, नाहीतर लॅबभर वास सुटेल.’’ धुतला. तरी पहिल्या सोल्डरला डालड्याचा वास आलाच.

चौथी वाट सगळ्यांच्या नजरेतून सुटते : रिलेच्या कॉइलच्या तारा. काँटॅक्ट कॉइलच्या शेजारीच असतात, त्यामुळे थोडी रेडिओ फ्रिक्वेन्सी कॉइलवर चढते आणि कंट्रोलच्या तारांवरून आरामात फिरत दुसऱ्या बाजूच्या रिलेपर्यंत पोचते. भिंत बांधली आणि तिला दरवाजा ठेवला, असं होतं ते. प्रत्येक कॉइलच्या पायाशीच ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला द्या, आणि इनपुट बाजूच्या व आउटपुट बाजूच्या तारांमध्ये छोटा चोक घाला. चालवायला यूएलएन२००३ उत्तम : सात चॅनेल, उलट्या होल्टेजसाठीचे डायोड आतच. एका चॅनेलवर एका बँडचे दोन्ही रिले समांतर लावा. ४०० ओहमची कॉइल १२ होल्टला ३० मिलिॲम्पिअर घेते, दोन मिळून ६०. बॅटरीवर कॅम्पला जायचं असेल तर हे लक्षात असू द्या, कारण सेट चालू आहे तोवर हे साठ जातच राहतात.

रिलेऐवजी गोल फिरणारा वेफर स्विचही चालतो, आणि करंट शून्य. पण दोन वेफर हवेत, मध्ये अंतर आणि पत्रा घालून. एकाच वेफरवर इनपुट-आउटपुट दोन्ही आणले तर परत तेच बीळ. जुन्या रेडिओतला पियानो स्विच कुणाच्या आजोबांच्या घरी सापडला तर ठेवा, पण यासाठी नको. त्यात सगळे काँटॅक्ट दाटीवाटीने असतात. डायोडने स्विचिंग रिसीव्हरच्या फिल्टरला ठीक आहे. ट्रान्समिटला डायोड बंद ठेवायला उलटं होल्टेज भरपूर लागतं आणि कमी पडलं तर डायोड स्वतःच हार्मोनिक तयार करतो, म्हणजे फिल्टरनंतर नवीन कचरा. त्या वाटेला मी गेलो नाही.

आता हॉस्टेलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, एफएम. १४.०५ मेगाहर्ट्झचा सातवा हार्मोनिक ९८.३५ ला पडतो, २१.२ चा पाचवा १०६ ला. दोन्ही एफएमच्या पट्ट्यात. सातवा हार्मोनिक अशक्त असतो खरा, पण शेजारच्या खोलीतला मोबाइल हेडफोनच्या तारेने एफएम ऐकत असतो आणि अँटेना डोक्यावर दहा फुटांवर असते. पुस्तकी ग्राफमध्ये लो-पास फिल्टर १०० मेगाहर्ट्झला शंभराच्या वर डेसिबल दाखवतो. प्रत्यक्षात नाही, कारण कपॅसिटरला पाय असतात. एक सेंटिमीटर तार म्हणजे ढोबळ मानाने दहा नॅनोहेन्री. ३९० पिकोफॅरडच्या कपॅसिटरला एकूण एवढे पाय ठेवले तर तो ८० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच रेझोनेट होतो आणि त्याच्या वर इंडक्टरसारखा वागतो. ६८० वाला तर ६१ लाच. म्हणून कपॅसिटर बोर्डाला नाक लावून बसवा. जागा असेल तर मधल्या किमती दोन कपॅसिटर समांतर लावून करा, पायांचा इंडक्टन्स जवळपास निम्मा होतो. एसएमडी जमत असेल तर प्रश्नच मिटला. आणि ग्राउंड म्हणून बोर्डाच्या तांब्याचा पूर्ण पत्रा ठेवा, बारीक ट्रॅक नको. कॉपर कोरून टाकायची हौस इथे आवरा.

मोजणीचं पूर्वी अवघड होतं. नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र २०१९ च्या सुमारास स्वस्तात मिळू लागलं आणि हॉस्टेलच्या टेबलावर नेटवर्क ॲनालायझर आला. आधी कॅलिब्रेट करायचं, मग एस-२१ बघायचं. शॉर्टवेव्हवर ते साधारण ७० डेसिबलपर्यंत दाखवतं, आपल्या कामाला पुरतं. एक सक्त सूचना : ते ट्रान्समीटरच्या आउटपुटला जोडायचं नाही, एका क्षणात जाईल. फिल्टर ट्रान्समीटरपासून सोडवूनच मोजायचा.

ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी लॅबमधला सिग्नल जनरेटर आणि सीआरओ घ्यावा. दोन्ही बाजूंना पन्नास ओहम टर्मिनेशन हवं. नुसत्या सीआरओच्या एक मेगओहमवर लो-पास फिल्टर काहीही ग्राफ देतो. फिल्टरच्या जागी सरळ तार ठेवून पाच होल्ट दिसत असतील, तर ६० डेसिबलला पाच मिलिहोल्ट दिसले पाहिजेत. साध्या सीआरओवर एवढं कसंबसं दिसतं. पण आधी जनरेटरची केबल काढून प्रोब तशीच धरून बघा. काही न जोडताच पाच मिलिहोल्ट येत असतील तर तुम्ही फिल्टर नाही, लॅबच्या हवेतली गळती मोजताय.

मोजताना क्रम असा ठेवा : फिल्टर एकटा, मग रिलेसकट, मग बाकीचे फिल्टर बसवल्यावर, आणि शेवटी झाकण लावून. प्रत्येक पायरीला २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे आकडे वहीत. आकडा जिथे घसरला तिथेच बीळ आहे, बाकी बोर्ड उकरायची गरज नाही. आमच्या नव्या बोर्डावर, दोन-दोन रिले, ग्राउंड केलेली टोकं आणि डब्याची भिंत यांच्यासकट, २१ ला ६० च्या वरचा आकडा टिकला. झाकण उघडं असताना तो जरासा खाली येतो, म्हणून झाकणाला चार स्क्रू आहेत. दोनच लावून चालेल असं वाटतं, पण चारही लावा.

आणि खरं सांगायचं तर ७५ डेसिबल मिळाले तरी गच्चीवरच्या मित्राचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. वरचाच हिशोब पुन्हा केला तर त्याला -६५ डीबीएम मिळतात, एस-९ पेक्षा ८ डेसिबल जास्त. चप्पल येणार नाही, पण कपाळावर आठी राहील. उरलेलं अँटेना लांब नेऊन, एकमेकींना काटकोनात टांगून किंवा आपली फ्रिक्वेन्सी थोडी सरकवून भागवायचं. ७.०५ वरून ७.०६ ला गेलात की २१.१५ चा कचरा २१.१८ ला जातो, तीस किलोहर्ट्झ बाजूला. कॅम्पमध्ये दोन ऑपरेटरांनी हा तिपटीचा पाढा पाठ केलेला असला की निम्मी भांडणं होत नाहीत.

शेवटी वापराबद्दल. चालू ट्रान्समिशनमध्ये बँडचा नॉब फिरवायचा नाही. रिले उघडताना काँटॅक्टवर ठिणगी पडते आणि त्या क्षणी पॉवर ट्रान्झिस्टरला लोडच नसतो. आम्ही पीटीटी दाबलेलं असताना बँडची निवड बदलणारच नाही असं साधं लॅच घातलंय, आणि एकही रिले ओढलेला नसेल तर पीटीटी चालत नाही. बोर्ड क्लबच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला तिन्ही बँडचे आकडे चिकटवले आहेत. १५ मीटरसाठी चौथ्या फिल्टरची जागा रिकामी ठेवली आहे. यूएलएनचे चार चॅनेल अजून मोकळे आहेत आणि पिवळे टोरॉइड डबीत उरलेत. एसई-टीईपैकी ज्याला हात साफ करायचाय त्याने पीएल सुरू व्हायच्या आत किल्ली मामांकडून घ्यावी, आणि पाय कापायचं नेलकटर स्वतःचं आणावं.